आसरा देणाऱ्यांचा खर्च कोणी मोजायचा?

पूर ओसरला, धक्के थांबले, वादळ पुढे सरकलं की काही दिवसांत एक प्रश्न हमखास पुढे येतो. बेघर झालेल्यांना ज्यांनी स्वतःच्या घरात घेतलंय, त्या कुटुंबांना सरकारने काही रक्कम द्यावी का? प्रश्न निघाला की वाद ठरलेल्या दोन वाटांनी पळू लागतो. एक बाजू म्हणते, माणुसकीला भाडं लावू नका. दुसरी बाजू आसरा देणाऱ्यांना देवमाणसं ठरवते आणि त्यांच्या हातात सत्काराचं पाकीट ठेवा म्हणते. वरवर ही दोन टोकं वाटतात, पण दोघांचं बोलणं चाललेलं असतं ते यजमानाच्या मनाविषयी. ते केवढं मोठं आहे, पैशाने ते लहान होईल का, वगैरे. माझ्या मते या वादात मन आणायचं कारणच नाही. आपत्तीनंतर निवाऱ्याची सोय लावणं हे सार्वजनिक काम आहे. त्यातला फार मोठा हिस्सा खासगी घरं उचलतात आणि त्याचा खर्च एकटी सोसतात. तो खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा. रक्कम माफक असावी, माणशी ठरलेली असावी, पावत्या न मागता मिळावी, आणि तिचा एक भाग यजमानाकडे न जाता थेट विस्थापितांच्या हातात पडावा. शेवटच्या अटीवरून माझ्याच बाजूचे लोक नाराज होतात, म्हणून तिच्याकडे पुढे सविस्तर येतो.

हे काम दिसत नाही ही पहिली अडचण. छावणीचा फोटो निघतो, मंत्री तिथे जाऊ शकतात, तंबू मोजता येतात. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, मागोमाग आग लागली, आणि सुमारे ४ लाख वस्तीच्या त्या शहरातले निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. त्या मदतकार्याची आठवण निघाली की लष्करी तंबूंच्या रांगा निघतात, आणि निर्वासितांसाठी बांधलेली लाकडी खोपटी. खोपटी ५,६१० होती, हा आकडा एककापर्यंत मिळतो. पण रेल्वेने तिकीट न घेता ज्या हजारो लोकांना शहराबाहेर पोचवलं, ते उतरून गेले कुठे? बरेचसे कुणा बहिणीच्या, मेव्हण्याच्या, जुन्या ओळखीच्या दारात गेले असणार. त्या दारांचा आकडा कुणी सांगत नाही. फिलिपिन्सच्या सरकारी आपत्ती अहवालांत निदान दोन रकाने असतात, निवारा केंद्रांच्या आत असलेले आणि बाहेर असलेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळाने तिथे सुमारे ४० लाख लोकांना घराबाहेर काढलं, आणि केंद्रांत त्यातले थोडेच होते. मग ‘बाहेर’ म्हणजे नक्की कुठे? कुणी पडक्या घराच्या जोत्यावर ताडपत्री टाकून, कुणी मावशीच्या ओसरीवर. एकाच रकान्यात दोन्ही कोंबल्यावर मावशीला काय लागतं, हे विचारणार कोण?

चार माणसांच्या घरात आणखी पाच माणसं राहायला आली की काय होतं, ते जरा जवळून पाहू. पहिल्या आठवड्यात फारसं काही होत नाही. जीव वाचल्याचं समाधान असतं, शेजारीपाजारी चादरी आणून देतात, सगळेच थोडे भारावलेले असतात. तिसऱ्या आठवड्यात पाण्याचं मीटर त्या टप्प्यात शिरतं जिथे दर चढतो. माणसं दुपटीने वाढतात आणि बिल दुपटीच्याही पुढे जातं. एरवी काही वर्षांनी उपसावी लागणारी शौचालयाची टाकी भरून वाहते. सकाळी सातला एकाच संडासापुढे कामावर जाणारे दोघे आणि शाळेत जाणारे तिघे उभे असतात. परीक्षेला बसलेल्या मुलीची खोली गेलेली असते. ती रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातला दिवा लावून ओट्यावर वही पसरते. पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्या बाईच्या पायाची जखम रोज धुवून बांधावी लागते, म्हणून घरातल्या सुनेच्या अर्ध्या दिवसाच्या रजा सुरू होतात, पुढे त्या बिनपगारी होतात. घर भाड्याचं असेल तर मालक येता-जाता विचारतो, “किती दिवस अजून?” यातल्या कशाची पावती मिळते? ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती रचली त्याने गृहीत धरलं होतं की पाहुण्याला परत जायला घर आहे.

शिवाय यजमान म्हणजे प्रशस्त बंगल्यातला, हात मोकळा असलेला गृहस्थ असं एक चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात माणूस आपल्याच पायरीवरच्या माणसाकडे जातो. गरिबाचे नातेवाईक बहुधा गरीबच असतात, आणि जवळ राहत असतील तर त्याच आपत्तीचा थोडाफार तडाखा त्यांनाही बसलेला असतो. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीच्या राजधानीतून सुमारे ६ लाख लोक गावोगावी गेले. ज्या शेतकरी कुटुंबांनी त्यांना घेतलं त्यांच्याकडे मुळात दोन वेळचं जेमतेम होतं. पुढच्या पेरणीसाठी राखलेलं बियाणं खाऊन दिवस काढण्याची पाळी अनेकांवर आली. मदतीचा ओघ मात्र राजधानीकडे होता. गेलेल्यांतले बरेच जण काही महिन्यांत परतले, आणि छावण्यांमधली संख्या एका टप्प्यावर १५ लाखांच्या घरात पोचली. पैसे दिल्याने लोकांचं वागणं बिघडतं असं जे म्हणतात, त्यांनी हैतीकडे जरूर पाहावं. पैसे न दिल्यानेही वागणं बदलतं. मदत तंबूला बांधलेली असली की बरी जागा सोडून माणसं तंबूकडे येतात, निदान घरातला एक जण तंबूत नाव टिकवायला बसवतात. काही न करणं हेही एक धोरणच असतं, फक्त त्यावर कुणाची सही नसते.

आता विरोधकांचा सगळ्यात तगडा मुद्दा. तो भाबडा नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाच्या निमित्ताने तो मांडला. रक्ताला मोल आलं की देण्याची वृत्ती आटते आणि मिळणाऱ्या रक्ताचा दर्जाही घसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवरचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सहा ठिकाणी मुलाला न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला. खरी मेख पुढे आहे. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही. पैसे मोजून मोकळं होता येतं हे एकदा कळलं की आधीचा संकोच परत येत नाही. मग आसऱ्यालाही दर लागला, तर पुढच्या आपत्तीत लोक आधी ‘किती मिळणार?’ असं विचारणार नाहीत कशावरून?

ही शंका मला रास्त वाटते, पण दोन ठिकाणी ती या प्रश्नाला लागू पडत नाही. पहिलं ठिकाण वेळेचं. दार उघडायचं की नाही हे त्याच रात्री ठरतं आणि त्या वेळी कुठली योजना कुणाच्या डोक्यात नसते. २३ जानेवारी १९७३ च्या पहाटे आइसलँडजवळच्या हेइमाए बेटावर गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला. सुमारे ५,३०० माणसं बहुतेक मासेमारीच्या बोटींतून काही तासांत मुख्य भूमीवर आली, आणि त्यातल्या पुष्कळांना नातेवाईकांनी, ओळखीच्यांनी घरी नेलं. पैशाशिवाय आतिथ्य किती पटकन उभं राहतं याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही, आणि विरोधकांनी ते अवश्य वापरावं. पण मग गोष्ट पुढेही सांगावी. काही आठवड्यांतच तिथल्या सरकारने कायदा करून सगळ्या देशाच्या करातून आपत्ती निधी उभारला आणि बाहेरून तयार घरं आणवली. रात्री नातेवाईक धावून आले म्हणून सहा महिने त्यांच्यावर टाकून मोकळं व्हावं, असं त्या लहानशा, एकमेकांना धरून राहणाऱ्या समाजालाही वाटलं नाही.

दुसरं ठिकाण रकमेच्या स्वरूपाचं. हैफातल्या पालकांना दंडाने सांगितलं की तुमचा उशीर आम्ही विकत देतो. खर्चापेक्षा उघडच कमी असलेली रक्कम असं काही सांगू शकत नाही. टाकी उपसण्याचे आणि वाढीव बिलाचे निम्मे पैसे मिळाले म्हणून कोणी स्वतःला लॉजचा मालक समजू लागत नाही. याला इतिहासातला एक मोठा पुरावा आहे, आणि गंमत अशी की त्याचा सरकारी इतिहास याच टिटमस यांनी लिहिला. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या काही दिवसांत बाँबफेकीच्या भीतीने ब्रिटनच्या शहरांतून सुमारे १५ लाख मुलं, आया आणि इतर लोक गावांकडे हलवले गेले. एकट्या आलेल्या एका मुलासाठी यजमानाला आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स मिळत. एकाहून जास्त मुलं असली तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स. दर आधीपासून ठरलेला, जाहीर. त्याने ब्रिटिश गावांची माया आटली का? भांडणं खूप झाली, पण ती कशावरून? मुलांच्या अंगावर धड कपडे नाहीत, उवा आहेत, मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, यावरून. त्या धुण्यापायी पुढे सरकारला जादा भत्तासुद्धा द्यावा लागला. म्हणजे तक्रार पैसे मिळतात याची नव्हती, पुरत नाहीत याची होती. चूक झाली ती सक्तीत. जागा आहे असं ठरवून अधिकारी घरात मुलं घालू शकत होता आणि नाही म्हणणाऱ्यावर कारवाई होऊ शकत होती. माणुसकीला कशाने तडा जातो याची यादी करायची असेल तर मी त्या शिलिंगांच्या कितीतरी आधी त्या अधिकाऱ्याची वही ठेवीन.

यानंतरचा आक्षेप मला स्वतःला अधिक छळतो. घर ज्याचं गेलं तो सोडून, घर ज्याचं शाबूत आहे त्याला पैसे का? आणि पैसे यजमानाला दिले की पाहुणा त्याच्या उत्पन्नाचा स्रोत होतो. तो आधीच दबलेला, आता तो घर सोडून गेला तर यजमानाची रक्कम बंद होणार. २०२२ च्या मार्चमध्ये ब्रिटनने युक्रेनहून आलेल्यांसाठी जी योजना काढली तिच्यात यजमानाला महिन्याला ३५० पौंड मिळत. सरकारने तिला नावच ‘आभाराची रक्कम’ असं दिलं होतं. पाहुणा एक असो की पाच, रक्कम घरामागे तेवढीच. भाडं घ्यायला बंदी होती, घराची आणि माणसांची तपासणी होती, तरीही यजमानाशी बिनसल्यावर पाहुण्यांना बेघर म्हणून पालिकेच्या दारात उभं राहावं लागलं, असं घडलं. ते विस्थापन युद्धाचं होतं, पण एका स्वयंपाकघरात दोन कुटुंबं राहू लागल्यावर आपत्तीचं कारण काय होतं याने फरक पडत नाही.

म्हणून बऱ्याच जाणकारांचं म्हणणं असतं की सगळी रक्कम विस्थापितालाच द्या, तो कुठेही राहो. याची उदाहरणं चांगली आहेत. १२ मे २००८ च्या सिचुआन भूकंपानंतर चीनने घर आणि उत्पन्न दोन्ही गमावलेल्यांना तीन महिने माणशी रोज १० युआन आणि अर्धा किलो धान्य दिलं. इंडोनेशियात कायमचं घर होईपर्यंत नातेवाईकांकडे किंवा भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना महिन्याला ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आहे. २०२२ च्या चियांजुर भूकंपानंतर ती वापरली गेली, तेव्हा ही रक्कम ५ लाख रुपिया होती. अमेरिकेच्या संघीय आपत्ती यंत्रणेनेही मार्च २०२४ पासून अशी रक्कम सुरू केली की जी हॉटेलवर खर्चता येते, तशीच मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या घरी राहतानाही वापरता येते.

या पद्धतीत माणसाचा मान राहतो, त्याला निघून जायची मोकळीक राहते. पण एक गाठ सुटत नाही. हातात पैसे आलेल्या त्या भावाने बहिणीच्या वाढीव बिलाचं करायचं काय? द्यायला गेला तर ती घेणार नाही. तिने घेतले तर दोघांमध्ये कायमचं काहीतरी बदललेलं असेल. नाही दिले तर मीटर फिरतच राहणार आणि दोघंही त्याविषयी गप्प बसणार. आसऱ्याचं भाडं होतं ते नेमकं इथे. पाहुण्याच्या हातून यजमानाच्या हातात पडलेली नोट हे भाडं आहे, मग तिला कुठलंही नाव द्या. तीच नोट सार्वजनिक तिजोरीतून परस्पर आली तर पाहुणा मिंधा होत नाही आणि यजमानाला हात पसरल्यासारखं वाटत नाही. ज्यांना आतिथ्याचं पावित्र्य जपायचंय त्यांनी खरं तर यजमानाला थेट मदत मागायला हवी होती. म्हणून मी विभागणीच्या बाजूचा आहे. पाणी, वीज, सफाई, अंथरूण-पांघरूण यांचा घरखर्च माणशी ठरवून यजमानाच्या नावावर, आणि जगण्याचा खर्च विस्थापित कुटुंबाच्या नावावर. नाव नोंदवताना घरातल्या बाईच्या नावानेही खातं निघावं. पाहुण्याने घर बदललं तर त्याचा भाग त्याच्याबरोबर जावा आणि यजमानाचा भाग नव्या घराकडे वळावा.

मदत कशी देऊ नये याचा धडा २००५ मध्ये कतरिना वादळानंतर अमेरिकेने केलेल्या करसवलतीत आहे. वादळग्रस्ताला भाडं न घेता सलग ६० दिवस घरात ठेवलं तर माणशी ५०० डॉलरची जादा वजावट, जास्तीत जास्त चार माणसांसाठी. ऐकायला बरं वाटतं. पण ती उत्पन्नातून वजावट होती, हातात पडणारी रक्कम नव्हे. १५ टक्क्यांच्या पायरीवरच्या करदात्याला एका माणसामागे ७५ डॉलर वाचले. ज्याचं उत्पन्न कराच्या खालीच आहे त्याला शून्य. पंचावन्नाव्या दिवशी पाहुण्याला घर मिळून तो गेला तर त्याचंही शून्य. म्हणजे दोन खोल्यांत सहा जणांना कोंबून घेणाऱ्या सफाई कामगारापेक्षा रिकामी गेस्टरूम असलेल्या वकिलाला जास्त मिळणार. एवढी उलटी शिडी मुद्दाम बांधायची म्हटलं तरी सहज जमणार नाही.

“सख्ख्या भावाला ठेवून घेण्याचे कसले पैसे?” असा एक सूर असतो, तो थोडक्यात संपवतो. आसरा देणाऱ्यांमध्ये नातेवाईकच जास्त असतात. त्यांना वगळलं तर योजनेत अनोळखी लोकांना घेणारे मूठभर उरतील. शिवाय नातं दार उघडायला उपयोगी पडतं, वीज कंपनी नातं पाहून दर लावत नाही.

खोटी नावं लागतील, हाही आक्षेप येतो. लागतील. छावणीतल्या पंगतींत आणि कंत्राटांत खोटं नसतं असं समजणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. एक माणूस एकाच पत्त्यावर, आणि त्याच नोंदीवर त्याचा स्वतःचा हिस्साही अवलंबून, एवढं केलं तरी दोन ठिकाणी नाव लावायची सोय उरत नाही. मधून मधून अचानक भेट द्यावी. रक्कमच माफक असताना प्रत्येक साबणाची पावती मागणं म्हणजे तपासणीवर मदतीपेक्षा जास्त खर्च करणं. कडक तपासणी हवी ती वेगळ्या कारणासाठी. एकटी मुलं, एकट्या बाया अनोळखी घरात जात असतील तेव्हा त्या घराची चौकशी आधी व्हावी, नंतरही कुणीतरी त्यांना एकटं गाठून विचारावं, आणि तिथून निघायचं झालं तर जायला दुसरी जागा तयार असावी. त्यात मी कुठलीही सूट देणार नाही.

खरी भीती सरकारच्या सुटकेची आहे. माणशी थोडे पैसे यजमानांना दिले की छावणी नको, तात्पुरती घरं नकोत, कायमच्या घरांची घाईही नको. माणसं बहिणीच्या माजघरात दिसेनाशी होतात आणि फाईल कपाटात जाते. बहुतेक योजना यावर मुदत घालतात. पोलंडने २०२२ मध्ये युक्रेनी माणसामागे रोज ४० झ्लॉटी द्यायला सुरुवात केली, आधी ६० दिवस, मग १२० दिवसांपर्यंत. मुदतीमागचं गृहीतक असतं की पाहुणा रेंगाळेल. पण पूर-भूकंपानंतर रेंगाळतं कोण? जमिनीचा उतारा मिळत नाही, नदीकाठची जागा बांधकामाला योग्य की नाही याचा अहवाल येत नाही, हप्ता सुटत नाही. यातलं एकही काम पाहुण्याच्या हातात नसतं. म्हणून मुदत घालायचीच तर ती सरकारला घालावी. घरबांधणीचं ठरलेलं वेळापत्रक चुकलं की दर तीन महिन्यांनी यजमानाचा हिस्सा आपोआप वाढावा. ब्रिटनने वर्ष उलटल्यावर ३५० चे ५०० पौंड केले होते, ते यजमान टिकावेत म्हणून. तीच वाढ सरकारी दिरंगाईला जोडली तर वित्त विभागातून बांधकाम विभागाला फोन जाऊ लागतील. पाहुण्याचा हिस्सा मात्र आहे तेवढाच राहावा, म्हणजे मुक्काम लांबवण्यात कुणाचा लाभ नाही.

हे सगळं सुरू व्हायला आधी नोंद लागते, आणि तिला फार मोठी यंत्रणा लागत नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि सुनामीनंतर जपानच्या पुनर्निर्माण यंत्रणेने विस्थापितांची जी मोजणी वर्षानुवर्षं प्रसिद्ध केली, तिच्यात निवारा केंद्रं आणि तात्पुरती घरं यांच्याबरोबर ‘नातेवाईक, ओळखीचे यांच्या घरी’ असा वेगळा वर्ग होता. पहिल्या पंधरवड्यात मदत केंद्राच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला नुकसान काय झालं हे विचारतातच. त्याच कागदावर आणखी चार रकाने हवेत: रात्री झोपता कुठे, ते घर कुणाचं, त्या घरात आता एकूण माणसं किती, आणि संडास किती.